सूर्य दाखवायला गेले होते

खंबाटकी ते उंब्रज

खंबाटकीचा घाट चढून जाईपर्यंत मी दोनदा गाडी बाजूला घेतली होती. दोन्ही वेळा कारण एकच. मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेली पेटी उघडायची, फडक्यात गुंडाळलेला फिल्टर बाहेर काढायचा, उजेडासमोर धरायचा आणि त्याला टाचणीच्या टोकाएवढंही भोक पडलेलं नाही ना, हे पाहायचं. पडलेलं नव्हतं. तरी पुढे सुरूरच्या फाट्यावर महाबळेश्वरहून आलेली स्ट्रॉबेरी घ्यायला थांबले, तेव्हा पुन्हा पाहिलं. टपरीवरच्या बाईंनी विचारलं, हे काय? म्हटलं, दुर्बिणीला लावायचं झाकण, त्यातून सूर्य बघता येतो. त्या म्हणाल्या, आमाला त्यो बघावा लागत न्हाई, डोस्कं तापलं की कळतंय. मी हसले आणि फिल्टर पुन्हा फडक्यात गुंडाळला.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत ताऱ्यांवर काम करते. माझे तारे संगणकाच्या पडद्यावर असतात, आकडे आणि आलेख बनून. त्यांच्यापासून कोणाला इजा होत नाही. कॉलेजात माझ्याबरोबर होस्टेलवर राहिलेली सुनंदा औंधजवळच्या एका गावात हायस्कूलची मुख्याध्यापिका आहे. ती गेली कित्येक वर्षं म्हणत होती, एकदा ये आणि पोरांना सांग तू काय करतेस ते. मी टाळत होते. एक तर मला मुलांसमोर बोलायची भीती वाटते आणि दुसरं म्हणजे माझं सगळं काम इंग्रजीतून. शेवटी या जानेवारीत तिने उंब्रज, तिची स्वतःची आणि सांगलीची अशा तीन शाळा परस्पर ठरवूनच टाकल्या आणि मला फक्त कळवलं.

सध्या सूर्यावर डाग भरपूर आहेत. दर काही वर्षांनी त्याला असा बहर येतो. म्हणून ठरवलं, रात्रीच्या आकाशाच्या मागे लागायचं नाही. शाळेच्या वेळात, शाळेच्या मैदानावर, सगळ्यांच्या ओळखीचा एकच तारा दाखवायचा. ठरवताना ते सोपं वाटलं होतं.

साताऱ्याच्या पुढे रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर लागले. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढी दोन्ही बाजूंना लोंबणारी. त्यांच्या मागे रांगत मी उंब्रजला पोचले. आरशासमोर पाठ केलेलं भाषण मनात चालूच होतं.

ते भाषण पाचव्या मिनिटाला मेलं. ‘केंद्रकीय संमीलन’ हा शब्द मी उच्चारला आणि समोरची आठवी-नववीची पोरं एकदम शहाण्यासारखी गप्प बसली. मुलं अशी शहाणी झाली की समजावं, आपण त्यांना गमावलं. मग दुसऱ्या ओळीतल्या एका मुलीने हात वर केला. तिथं कुणी गेलेलं नाही, मग सूर्य किती तापलाय हे तुम्हाला कसं कळलं, असं तिने विचारलं. मी ‘वर्णपट’ म्हणाले. ती म्हणाली, म्हणजे काय? वीस वर्षं मी ज्यावर जगते, ते मला माझ्या भाषेत सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग सुरू झालं आणि त्याचा चर्र आवाज वर्गात आला. मी विचारलं, लोखंड तापवलं की आधी कुठला रंग येतो? लाल, सगळे म्हणाले. मग? मग नारिंगी, मग पिवळा. आणि अजून तापलं तर? पांढरं, एक जण म्हणाला, पर त्याकडं बघायचं नसतंय, डोळं जात्यात. मी म्हटलं, हेच. हात न लावता, नुसत्या रंगावरून तुम्ही सांगता किती तापलंय ते. मीही तेवढंच करते, फक्त माझं लोखंड फार लांब आहे. त्या मुलीने मान हलवली. मला इतका धीर आला, की पुढचा अर्धा तास मी कागदाकडे न बघता बोलले.

मग मैदानावर दुर्बीण लावली. प्रत्येक मुलाने डोळा लावण्याआधी मी पुढे जाऊन फिल्टर घट्ट बसलाय ना हे हाताने चाचपत होते. मागची मुलं हसायला लागली. शिक्षक म्हणाले, मॅडम, निघत नाही तो. मला माहीत होतं. तरी हात जात होता. शेवटचं पोर बघून गेलं तेव्हा माझी मान आखडली होती, पण डाग सगळ्यांनी पाहिले होते आणि काही झालं नव्हतं. ‘काही झालं नाही’ हे शब्द मी त्या दिवशी मनातल्या मनात फार वेळा म्हटले.

औंध

उंब्रजहून मसूरच्या बाजूने आत वळलं की देश हळूहळू पालटतो. ऊस विरळ होतो, मग संपतोच. माळ सुरू होतात, त्यावर कुसळी गवत, मधूनच ज्वारीचं एखादं वावर. औंधच्या डोंगरावरचं यमाईचं देऊळ लांबून दिसतं आणि मग बराच वेळ गाडी चालवली तरी ते तेवढंच लांब राहतं. सुनंदाच्या घरी पोचले तेव्हा तिने हुलग्याचं माडगं करून ठेवलं होतं. पुण्यात मी संध्याकाळी सूप पिते आणि त्याला सूप म्हणते. हे त्याहून दाट, तिखट आणि पोटात गेल्यावर बराच वेळ ऊब देणारं. सुनंदा म्हणाली, तू अजून कॉलेजातल्यासारखीच, परीक्षा झाली तरी रडवेली.

दुसऱ्या दिवशी तिची शाळा. गाव लहान, पण आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून मुलं येतात. बऱ्याच घरांत मेंढरं आहेत, बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी फौजेत आहे. इथे मी वेल्डिंगपासूनच सुरुवात केली आणि गाडी छान रुळावर आली. मुलांनी बुटाच्या खोक्याला चीर पाडून, आत जुन्या सीडीचा तुकडा चिकटवून खेळणं बनवलं आणि आधी ट्यूबलाइट, मग भिंतीवर पडलेलं ऊन त्यातून पाहिलं. ट्यूबचे रंग तुटक पट्ट्यांचे, उन्हाचे सलग. हे असं का, यावर त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. एकाने विचारलं, सूर्य संपला की आमच्या मेंढरांचं काय? मी म्हटलं, त्याला अजून फार अवकाश आहे. तो म्हणाला, पर संपणार हाय न्हवं?

मैदानावर रांग लागली. ऊन कडक होतं. रांग निम्म्याहून पुढे गेली आणि पश्चिमेकडून पातळ ढगांचा एक पडदा सरकत आला. सूर्य आधी पुसट झाला, मग फिल्टरमधून दिसेनासाच झाला. आम्ही थांबलो. ढग हलेनात. शाळा सुटायची वेळ झाली, लांबच्या वस्तीवरच्या मुलांची एसटी आली. मी मनातल्या मनात ढगांना नावं ठेवत दुर्बीण आवरली. रांगेतल्या उरलेल्या मुलांना म्हटलं, उद्या सकाळी सांगलीला जायचंय, नाहीतर थांबले असते. निघताना पुन्हा बजावलं, उघड्या डोळ्यांनी कोणी सूर्याकडे बघायचं नाही. सगळे एका सुरात हो म्हणाले.

रांगेत उरलेली एक मुलगी तशीच उभी राहिली. आठवीतली, लाल रिबिनीच्या दोन वेण्या. माजा नंबरच आला न्हाई, एवढंच ती म्हणाली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पुढच्या वेळी सगळ्यात पहिला नंबर तुझा म्हटलं आणि पेटीचे पट्टे आवळू लागले. पुढची वेळ कधी, हे तिने विचारलं नाही.

सकाळी मी गाडीत सामान ठेवत होते. सुनंदा फोन कानाला लावूनच बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी झालंय हे मला आधीच कळलं, काय ते मात्र कळेना. वेण्यावाल्या मुलीच्या, ऋतुजाच्या आईचा फोन होता. ऋतुजा चहा प्यायला चुलीपाशी बसली होती. उजव्या डोळ्याने आईकडे बघून तिने सांगितलं, “मम्मी, तुजं नाक दिसंना.”

वस्ती

ऋतुजाची वस्ती गावापासून माळावर आत आहे. सुनंदा माझ्या शेजारी बसली होती आणि मी गाडी चालवत होते, पण रस्ता मला आठवत नाही. डोक्यात एकच चित्र होतं. फिल्टर. त्याला भोक होतं का? मी शेवटचं कधी तपासलं? पण तिने तर दुर्बिणीला डोळाच लावला नव्हता, हे मला वाटेत कधीतरी सुचलं आणि सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेची पुढच्याच क्षणी लाज वाटली.

घर स्लॅबचं, समोर शेणाने सारवलेलं अंगण, बाजूला मेंढरांचा वाडा. ऋतुजा उंबऱ्यात बसली होती. काय झालं ते तिने न रडता सांगितलं. तिचे वडील फौजेत आहेत, सध्या राजस्थानात. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर येताना त्यांनी आजोबांसाठी एक दुर्बीण आणली होती, डोंगराच्या अंगाला चरणारी मेंढरं घरबसल्या दिसावीत म्हणून. काल शाळेतून आल्यावर ऋतुजाने ती घेतली, डावा डोळा मिटला आणि उजव्या डोळ्याने सूर्याकडे पाहिलं. ढग होते, म्हणून काही होणार नाही असं तिला वाटलं होतं. एकदाच, पापणी लवेस्तोवर.

“मला डाग दिसलाच न्हाई मॅडम,” ती म्हणाली. “समदं पांढरं झालं.”

आजोबा अंगणाच्या कडेला आमच्याकडे पाठ करून बसले होते. दुर्बीण त्यांच्यापुढे दगडावर होती. ते तिच्याकडेही बघत नव्हते आणि आमच्याकडेही. मी काहीतरी बोलू लागले, की मी सांगितलं होतं, सगळ्यांना बजावलं होतं. ऋतुजाची आई, मंगलताई, तिच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी मला मध्येच थांबवलं. आवाज चढवला नाही.

“आवं बाई, तुमी सांगितलं असंल. पर आदी दाखीवलं तुमीच न्हवं? तुमी तर दाखवून निघून जाशीला. डोळा आमच्या घरात ऱ्हाणार.”

मी म्हटलं, मिरजेला डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत, मी सांगलीलाच निघालेय, आत्ता गाडीत बसा. मंगलताईंनी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाला शाळा सोडून येता येत नव्हतं, पण ती म्हणाली, जा, ही माझी मैत्रीण आहे. मंगलताईंनी साडीचा पदर खोचला, कपाटातून आधार कार्ड घेतलं, फडक्यात भाकरी बांधली आणि लेकीचा हात धरून मागच्या सीटवर बसल्या. माझ्या दुर्बिणीची पेटी मी डिकीत हलवली.

विटा, तासगाव

पुसेसावळी, कडेगाव, विटा. एरवी मी या रस्त्याबद्दल पुष्कळ लिहिलं असतं. कॅनॉलचं पाणी जिथे पोचलंय तिथे माळाचा रंग कसा एका बांधावर बदलतो, तासगावच्या अलीकडे द्राक्षांचे मांडव कसे सुरू होतात आणि हिरव्या जाळ्यांखालच्या बेदाण्याच्या शेडवर कसा गोडसर आंबूस वास असतो. हे सगळं मी पाहिलं. पण मी आरशातून मागेच जास्त बघत होते. ऋतुजा एक डोळा झाकायची, बाहेरचा मैलाचा दगड वाचायची, मग दुसरा झाकायची. आईने दोनदा तिचा हात खाली ओढला. तिसऱ्यांदा ओढला नाही, हळूच विचारलं, दिसतंय का? कडंनं दिसतंय, ती म्हणाली, मदी न्हाई.

मला या दुखण्याची माहिती होती. इतरांना सावध करण्यापुरतं मी वाचलं होतं: पडद्याच्या मधोमध जळल्यासारखी जखम होते, दुखत नाही, म्हणून लगेच कळत नाही. बरीच माणसं बरी होतात. काही होत नाहीत. औषध नाही. या शेवटच्या तीन वाक्यांतलं कुठलं वाक्य बोलून दाखवावं, हे मला विट्यापासून तासगावपर्यंत ठरवता आलं नाही आणि मी एकही बोलले नाही.

वाटेत वडिलांचा फोन आला. मंगलताईंनी तो स्पीकरवर टाकला. मला वाटलं, आता हे मला बोलणार. त्यांनी मला सांगितलं ते एवढंच, की डॉक्टर जे सांगतील ते मी त्यांना सरळ सांगावं, घरचे लपवतील. मग थोडं थांबून म्हणाले, दुर्बीण मीच आणली होती मॅडम. पलीकडे कोणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन बंद झाला. मला कळलं, की आजोबा, ते आणि मी, तिघंही एकाच गोष्टीचा दोष आपापल्याकडे ओढून बसलो होतो आणि त्यातून कोणाचाच भार हलका होत नव्हता.

तासगावच्या पुढे एका झाडाखाली थांबलो. मंगलताईंनी भाकरी सोडली. बाजरीची, वर खर्डा. मी नको म्हणाले. त्यांनी अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, गाडी चालवायची हाय तुमास्नी. माया म्हणून नव्हे, गाडीत पेट्रोल असावं तशी. मी ती खाल्ली.

मिरज

मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळेना. पाट्या मराठीत, कानडीतही. दवाखान्यात बाकांवर सीमेपलीकडून आलेली बरीच माणसं होती. ऋतुजाच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. पलीकडच्या म्हातारबांना कानडीत काहीतरी विचारायचं होतं, मंगलताईंना ते कळलं नाही, पण त्यांनी त्यांना पाण्याची बाटली दिली आणि तेच हवं होतं.

डॉक्टर वयस्कर, बोलायला सावकाश. त्यांनी आधी ऋतुजाला सगळं विचारलं, आम्हाला नाही. मग यंत्रासमोर बसवून डोळ्याच्या पडद्याचं चित्र काढलं. ते संगणकावर आलं, करड्या रंगाचे थर एकावर एक. मी आयुष्यभर अशीच चित्रं वाचत आलेय, लांबून आलेल्या उजेडाची. या चित्रात मधोमध, एका थरात, बारीकसा खंड पडलेला मला डॉक्टरांनी बोट ठेवायच्या आधी दिसला.

डॉक्टरांनी ते मंगलताईंना मराठीत, एकही अवघड शब्द न वापरता सांगितलं. पडद्याला चटका बसलाय. फार मोठा नाही. काल ढग होते आणि हिने डोळा लगेच काढला, म्हणून एवढ्यावर निभावलं. निरभ्र असतं तर आज मी वेगळं बोललो असतो. आता डोळ्याला ताण नाही, बाहेर काळा चष्मा, महिन्याने परत दाखवायचं.

“बरी हुईल का न्हाई, ते सांगा,” मंगलताई म्हणाल्या.

“बहुतेक होईल. मुलांची जखम लवकर भरते. पण आज मी शब्द देणार नाही.”

मंगलताईंनी मान हलवली. मला वाटतं, शब्द दिला असता तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

ढगांना मी आदल्या दिवशी काय काय म्हटलं होतं, ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला आठवलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावण्यात मला गंमत वाटत नाही, माझा लागला होता तेवढा पुरे. महिन्याने मी पुन्हा मिरजेला गेले. मायलेकी एसटीने आल्या होत्या. खंड बराच भरला होता. त्यानंतरच्या तपासणीला ऋतुजाने तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचली. शेवटची ओळ अजून हलते म्हणते, आणि डॉक्टर म्हणतात, ती हलली तरी चालेल. पण त्या दुपारी, काळा चष्मा घातलेल्या मुलीला घेऊन गल्लीत उभी होते, तेव्हा यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

सांगली

तिथूनच मी सांगलीच्या शाळेला फोन लावला. म्हटलं, कार्यक्रम रद्द करा, मी येऊ शकत नाही. पलीकडून शिक्षक म्हणाले, मुलं मैदानावर बसलीयत. मी म्हटलं, माफ करा. मनात ठरलं होतं, की पुण्याला जाऊन पेटी माळ्यावर टाकायची आणि संगणकासमोर बसायचं.

ऋतुजाने ऐकलं. तिने आईला काही विचारलं नाही, मला विचारलं. “माज्यामुळं त्यांना बी दिसणार न्हाई व्हय?”

मी म्हटलं, तुझ्यामुळे नाही, मला भीती वाटते म्हणून. ती म्हणाली, डोळा गेला तो गेला, पर डाग मी बघितला तर न्हाईच. डोळा गेला, असं तिने इतक्या सहज म्हटलं की मंगलताईंनी तोंड फिरवलं. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. मग मंगलताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “डोळा कशालाच लावायचा न्हाई. तसं दाखवता येत आसंल तर दाखवा.”

तसं दाखवता येतं. फिल्टर काढायचा आणि दुर्बिणीतून बाहेर पडणारं सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडायचं. फार जुनी रीत. मी ती टाळत आले होते, कारण त्यात फिल्टरशिवायचा उजेड दुर्बिणीतून जातो आणि एखाद्याने चुकून तिथे डोळा नेला तर? ही भीती मी मंगलताईंना बोलून दाखवली. त्यांनी विचारलं, उजेड कुठनं निघतो? मी दाखवलं. तिथं खोकं बसवा, त्या म्हणाल्या, डोकंच शिरणार न्हाई. शेजारच्या औषधाच्या दुकानातून आम्ही सलाइनच्या बाटल्यांचा रिकामा खोका आणि चिकटपट्टी घेतली. मिरज ते सांगली अंतर थोडं, पण तेवढ्यात मागच्या सीटवर मायलेकींनी खोक्याला दुर्बिणीच्या नळीपुरतं भोक पाडलं, समोर बघायला एक खिडकी कापली आणि आत कागद लावला.

शाळेतली मुलं खरोखरच मैदानावर बसून होती, भडंग खात. मी भाषण केलं नाही. आधी, काल काय झालं ते सांगितलं, नाव न घेता. मग दुर्बिणीला खोका बसवला, जोड पट्टीने बंद केले, मंगलताईंनी ते एकेक ओढून पाहिले आणि मी दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण काढलं.

कागदावर सूर्य आला. बशीएवढा, कडेला किंचित अंधुक, आणि त्यावर एक ठळक काळा डाग, शाई उडावी तसा. ऋतुजाचा नंबर पहिला. तिने चष्मा कपाळावर सरकवला, खोक्याच्या सावलीत वाकली आणि डावा डोळा हाताने झाकला. मी नको म्हणणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, “मॅडम, दोन डाग हायत. एक मी बगंल तिकडं येतुया. एक हाय तितंच ऱ्हातुया.”

मी म्हटलं, जो तिथेच राहतो, तो सूर्याचा.

“मग दुसरा माजा,” ती म्हणाली. हात काढून तिने दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. “आता एकच हाय.”

मागून एका मुलाने विचारलं, केवढा आहे तो डाग? म्हटलं, आपली पृथ्वी त्यात टाकली तर मावेल आणि बाजूला जागा उरेल. मग त्यांनी वाकून वाकून पाहिलं, आणि मी त्या सबंध तासात खोक्यावरचा हात एकदाही काढला नाही. ‘काही झालं नाही’ असं म्हणायचा धीर मला झाला नाही.

मुलं वर्गात गेली. ऋतुजा त्यांच्याबरोबर गेली, तिला सीडीचं खेळणं कसं करायचं ते दाखवायचं होतं. मी दुर्बीण आवरायला वाकले. मंगलताई इतका वेळ लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या. त्या उठून आल्या आणि खोक्याच्या खिडकीतून आत बघू लागल्या. मी बाजूला झाले. बिंब कागदाच्या कडेकडे सरकत होतं, अर्धं बाहेर गेलंच होतं.

“ह्यो सरकतुया कशानं? तुमी हात लावला?”

मी म्हटलं, नाही. तो नाही सरकत, आपण सरकतोय. ही जमीन फिरतेय, आपल्यासकट.

त्यांनी पायाखाली पाहिलं. मग समोर शाळेच्या इमारतीकडे, पलीकडच्या रस्त्याकडे. मला वाटलं, आता त्या काहीतरी म्हणतील, आणि मी त्यासाठी तयार होऊन उभी राहिले. खिडकीतून हात आत घालून त्यांनी कागद थोडा पुढे सरकवला. पुरा सूर्य पुन्हा कागदावर आला. थोड्या वेळाने तो कडेला गेला. त्यांनी पुन्हा कागद सरकवला.